दोघींसाठी एकच दार: निर्वासित छावणी आणि शेजारचे गाव यांत लैंगिक हिंसेला प्रतिसाद कसा द्यावा

२५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या वर्षभरात म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशाच्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. त्यांतल्या अनेक स्त्रियांवर गाव सोडण्यापूर्वी सैनिकांनी सामूहिक बलात्कार केले होते, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये छावण्यांना भेट देऊन आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी प्रमिला पॅटन यांनी ते जाहीरपणे मांडले. त्यानंतर बरीच वर्षे लोटली, पण उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांतल्या छावण्या अजून तिथेच आहेत, दहा लाखांहून अधिक माणसे त्यांत राहतात, आणि आज मदतकेंद्रात येणाऱ्या बाईची तक्रार बहुतेक वेळा सैनिकाबद्दल नसून घरातल्या नवऱ्याबद्दल असते. छावणीच्या कडेला ज्यांची गावे आहेत त्या बांगलादेशी स्त्रियांचीही तक्रार बहुधा हीच असते, मात्र ती ऐकायला फारसे कोणी बसलेले नसते.

अशा ठिकाणी कामाला जाणाऱ्या मराठी परिचारिका, डॉक्टर, समाजकार्यकर्त्या आणि स्वयंसेवक यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण कॉक्स बझारचे घेतले आहे, कारण तिथली व्यवस्था, कायदे आणि अडचणी यांची नोंद चांगली झाली आहे. दुसऱ्या देशात कायदे आणि कचेऱ्यांची नावे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी वाट चालून पाहा

केंद्राचा फलक लावण्याआधी एक गोष्ट हातात असली पाहिजे, आणि ती म्हणजे बाईला पुढे कुठे पाठवायचे याची खात्रीची यादी. बलात्कारानंतरचे उपचार कोणत्या दवाखान्यात मिळतात, तिथे स्त्री-डॉक्टर कोणत्या दिवशी असते, रात्री काय उघडे असते, समुपदेशन कोण करते, वकील कोण देते, अठरा वर्षांखालील मुलीसाठी बालसंरक्षणाचे काम कोणाकडे आहे, एका रात्रीपुरता सुरक्षित निवारा कुठे मिळेल, हे सगळे नाव आणि वेळेसह लिहून ठेवावे. २०२५ मध्ये परदेशी निधी मोठ्या प्रमाणावर आटला आणि त्याची झळ या सेवांना थेट लागली, तेव्हा यादी दर आठवड्याला ताजी करणे हे आता मुख्य काम समजावे. बंद दारापर्यंत पाठवलेली बाई सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

यादी झाली की ती वाट स्वतः चालावी, आणि बाई ज्या वेळी चालेल त्या वेळी चालावी. कुतुपालोंग छावणीच्या टेकड्यांवर नकाशात जवळ दिसणारा दवाखाना पावसाळ्यात चिखलाच्या पायऱ्या उतरून, ओढ्यावरचा बांबूचा साकव ओलांडून, पुन्हा चढून गाठावा लागतो. वाटेत चहाच्या टपऱ्या असतात, तपासणी नाके असतात, आणि प्रत्येक ठिकाणी बसलेले पुरुष कोण कुठे चालले आहे ते पाहत असतात. बुरखा नसेल तर अनेक जणी झोपडीबाहेर पाऊलच टाकत नाहीत. सुरुवातीच्या काळात एकच बुरखा दोघी-तिघींनी आलटून पालटून वापरल्याचे प्रसंग आहेत. म्हणून सोबत जाणारी स्वयंसेविका, एखादा जास्तीचा बुरखा आणि येण्याजाण्याचा खर्च हे उपचाराचाच भाग आहेत.

दारावर काय लिहायचे यालाही फार महत्त्व आहे. छावण्यांतल्या स्त्रियांच्या केंद्रांना ‘शांतीखाना’ म्हणतात, म्हणजे शांतीचे घर. तिथे शिवणकाम चालते, गर्भारपणाची माहिती मिळते, बायका केस विंचरत बसतात. त्यामुळे तिथे गेलेली बाई कशासाठी गेली हे बाहेरून कळत नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० साली सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्रामागेही असाच विचार होता. रुग्णालयात जायला बाईला सासरी कारण सांगता येते, हिंसेच्या तक्रारीसाठी जाते असे सांगता येत नाही. ज्यांनी दिलासासारख्या केंद्रात काम पाहिले आहे त्यांना छावणीतला हा भाग नव्याने शिकावा लागणार नाही.

ती बोलू लागते तेव्हा

बहुतेकदा ती डोकेदुखी घेऊन येते. अंग दुखते, झोप लागत नाही, पोटात कळा येतात, असे सांगते. शिवणकामाला बसते, सुईत दोरा ओवता ओवता मान खाली ठेवूनच एखादे वाक्य बोलते आणि पुन्हा टाका घालू लागते. त्या वाक्यात बलात्कार हा शब्द नसतो. ‘जुलूम’ झाला असे ती म्हणते, किंवा इज्जत गेली म्हणते. ज्या कार्यकर्तीला हे शब्द ओळखता येत नाहीत तिच्यासमोरून ती बाई न बोलल्यासारखीच निघून जाते.

अशा वेळी हातातले काम खाली ठेवावे, पण एकदम उठून तिला कोपऱ्यात नेऊ नये, कारण बाकीच्या बायकांचे लक्ष तिकडे जाते. थोड्या वेळाने काहीतरी साधे कारण काढून आत बोलवावे. आत गेल्यावर आपण कोण, काय करू शकतो आणि काय करू शकत नाही हे आधी सांगावे. गुप्तता कुठपर्यंत पाळता येईल तेही तिने काही सांगण्यापूर्वीच सांगितले पाहिजे, कारण तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा प्रश्न लहान मुलीचा असेल, तर नियम वेगळे असतात.

मग ऐकावे. ‘तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. यात तुमची काही चूक नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवाल, मी सोबत आहे,’ एवढी वाक्ये पुरतात. तिथे का गेलीस, ओरडली का नाहीस, आधी का सांगितले नाहीस, हे प्रश्न विचारू नयेत. अंगाला हात लावण्याआधी विचारावे. सगळा प्रसंग क्रमाने सांगायला लावू नये, कारण उपचारासाठी त्यातले थोडेच लागते आणि प्रत्येक पुनरुक्तीत ती तो प्रसंग पुन्हा भोगते. वाईट हेतू नसतानाही फॉर्मवरचे रकाने भरण्याच्या नादात खरे बोलणे तिथेच थांबते. तेव्हा फॉर्म नंतर भरावा.

दुभाषी स्त्रीच असावी, त्या बाईच्या ब्लॉकमधली, म्हणजे छावणीच्या त्याच भागातली, नसावी, आणि तिने ‘ती म्हणते की’ असे न म्हणता बाईचेच शब्द बाईसारखे सांगावेत. चितगावी बोली बोलणारीला रोहिंग्या बरीचशी समजते, म्हणून ती सगळीच समजते असे गृहीत धरले जाते, आणि नेमके शरीराबद्दलचे, लाजेने आडवळणाने वापरले जाणारे शब्द निसटतात. नवरा, सासू किंवा स्वतःचे मूल यांना दुभाषी कधीही करू नये.

पीडित स्त्रियांच्या शोधात घरोघर फिरू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. मे २०१८ जवळ आला तेव्हा ऑगस्टपासून नऊ महिन्यांचा हिशेब करून बलात्कारातून जन्मणाऱ्या बाळांच्या बातम्या जगभर झळकल्या. ज्या झोपडीच्या भिंती ताडपत्री आणि बांबूच्या आहेत, जिथे शेजारच्या घरातली खोकल्याची उबळही ऐकू येते, तिथे एखाद्या गर्भवतीच्या दाराशी अनोळखी माणसे थांबली की सगळ्या ब्लॉकला जे कळायचे ते कळते. प्रत्येक गर्भवतीची नीट तपासणी करावी आणि बोलायला जागा ठेवावी. त्यातली जिला बोलायचे असेल ती बोलेल.

पहिले ७२ तास, आणि त्यानंतरही

या भागात घाई हवी, पण ती फक्त कार्यकर्तीच्या पायांत असावी, आवाजात नसावी. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक मात्रा, जितकी लवकर तितकी चांगली, पण पाच दिवसांपर्यंत देता येते. लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविके, कावीळ ब ची लस, जखम असेल तर धनुर्वाताची लस आणि जखमांवरचे उपचार हे बाकीचे भाग. यातली कोणतीही गोष्ट पोलिसांच्या कागदावर अवलंबून नसावी. जखम खोल असेल, रक्तस्राव होत असेल किंवा जीव द्यावासा वाटतो असे ती म्हणाली, तर बाकी सर्व बाजूला ठेवून तेवढे आधी पाहावे.

२८ दिवसांच्या गोळ्या झोपडीत लपवायच्या कुठे, हा प्रश्न डॉक्टरला सुचत नाही, बाईला पहिल्याच मिनिटाला सुचतो. मळमळ होते, सासू विचारते, डबी सापडते. म्हणून गोळ्या साध्या पुडीत द्याव्यात, जमल्यास आठवड्या-आठवड्याने केंद्रातूनच द्याव्यात, आणि मळमळीचे कारण काय सांगायचे ते तिच्याशी बोलून ठरवावे.

तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर तिची संमती वेगळी घ्यावी. कपडे उतरवण्याआधी, स्पर्शाआधी, नमुना घेण्याआधी विचारावे, आणि नको म्हटल्यावर तिथेच थांबावे. तपासणी नाकारली तरी औषधे मिळालीच पाहिजेत. कौमार्य पाहण्याच्या नावाखाली होणारी ‘दोन बोटांची चाचणी’ बांगलादेशाच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये बंद केली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट निर्णय दिला. कुठे ती अजून होत असेल तर ते थांबवणे हे आपले कर्तव्य आहे. तिला खटला चालवायचा असेल तरच पुराव्याचे नमुने घ्यावेत, आणि कपडे प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत. बऱ्याच जणी आंघोळ करून आलेल्या असतात. पाक होण्यासाठी केलेल्या त्या आंघोळीबद्दल तिला एका शब्दानेही अपराधी वाटू देऊ नये.

उशिरा आलेल्या स्त्रीला परत पाठवणे ही या कामातली सर्वांत दुखावणारी चूक आहे. ७२ तास उलटले म्हणजे उपचार संपले, असा समज स्वयंसेविकांमध्येही पसरलेला असतो. महिन्याने आलेल्या बाईलाही संसर्गावर उपचार मिळतात, चाचण्या होतात, मनाचे दुखणे हलके करता येते. पाळी चुकली असेल तर बांगलादेशात ‘पाळी नियमन’, म्हणजे चुकलेली पाळी पुन्हा आणणे, म्हणून १९७९ पासून चालत आलेली अधिकृत सेवा आहे. शेवटच्या पाळीपासून १० आठवड्यांपर्यंत प्रशिक्षित आरोग्यसेविका आणि १२ आठवड्यांपर्यंत डॉक्टर ती देऊ शकतात, आणि छावण्यांतही ती मिळते. गर्भपाताबाबत कायदा कडक असला तरी ही वाट उघडी आहे, हे कित्येक कार्यकर्त्यांनाच ठाऊक नसते.

पोलीस, ‘माझी’ आणि सालिश

तक्रार करायची की नाही हे तीच ठरवील. तिला ठरवता यावे म्हणून सगळे खरे सांगावे लागते. बांगलादेशाचा २००० सालचा स्त्री व बालक अत्याचार प्रतिबंधक कायदा बलात्काराला कठोर शिक्षा सांगतो, आणि २०२० मध्ये त्यातली मृत्युदंडाची तरतूद प्रत्येक बलात्काराला लागू झाली. दुसरीकडे, नवऱ्याने केलेला बलात्कार तिथे गुन्हा धरला जात नाही, आणि बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नसल्याने तिचा कायदेशीर दर्जाच डळमळीत असतो. छावणीचा कारभार सरकारी छावणी-अधिकारी पाहतो, बंदोबस्त जुलै २०२० पासून सशस्त्र पोलीस बटालियनकडे आहे, आणि ब्लॉकचा पुढारी असतो ‘माझी’, जो बहुधा पुरुषच असतो.

बहुतेक प्रकरणे या माझीकडे जातात आणि तो सालिश बसवतो, म्हणजे वडीलधाऱ्यांची बैठक घेऊन तडजोड करतो. अशा तडजोडीत नवऱ्याला समज दिली जाते आणि बाईला त्याच घरी परत पाठवले जाते. बलात्काराच्या प्रकरणात दंड भरून किंवा निकाह लावून विषय मिटवलेलाही असतो. कार्यकर्तीने स्वतः मध्यस्थी करू नये आणि सालिशीत बाईच्या बाजूने साक्ष द्यायलाही बसू नये, कारण त्यातून गुप्तता मोडते आणि उद्या मारहाण झाली तर तिची केंद्रात परत येण्याची वाट बंद होते. मात्र माझीशी वैर धरूनही चालत नाही. त्याच्याशी सर्वसाधारण बोलणे ठेवावे, केंद्र काय करते ते सांगावे, कोणत्याही एका बाईचे नाव त्याच्यासमोर घेऊ नये.

नवऱ्याकडेच राहायचे असे तिने ठरवले तर रागावू नये. कुठल्या वेळी तो चिडतो, दार कुठल्या बाजूला आहे, कोणत्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी मुलांना घेऊन पळता येईल, रेशनकार्ड आणि ओळखपत्र कुठे ठेवावे, हे तिच्याबरोबर बसून ठरवावे. यालाच सुरक्षेचा आराखडा म्हणतात, आणि घरातल्या हिंसेत बहुधा हाच सर्वांत उपयोगी कागद ठरतो. खरे तर तो कागदावर लिहूनही देऊ नये, तोंडपाठ करून घ्यावा.

कुंपणापलीकडची बाई

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी. २०११ च्या जनगणनेत उखिया आणि टेकनाफची मिळून लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे २०१७ नंतर या गावकऱ्यांपेक्षा निर्वासितच अधिक झाले. जंगल तुटले, मजुरी उतरली, भाव चढले. पहिल्या आठवड्यांत ज्यांनी आपल्या चुलीवरचा भात वाढला, अंगणात आसरा दिला, त्याच घरांत पुढे कडवटपणा आला, आणि त्या कडवटपणाला कारणे होती.

या गावांतली बाईही मार खाते. २०१५ च्या बांगलादेशाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ७२.६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी नवऱ्याकडून कसली तरी हिंसा सोसल्याचे सांगितले होते, आणि कायद्याची मदत घेणाऱ्या होत्या जेमतेम २.६ टक्के. नागरिक म्हणून तिच्यासाठी १०९ ही मदतवाहिनी आहे, उपजिल्हा आरोग्य संकुल आहे, महिला कार्य अधिकारी आहे, चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकाच छताखाली उपचार आणि कायदेशीर मदत देणारे केंद्र आहे. पण चितगाव दूर आहे, आणि छावणीतले स्वच्छ, मोफत, औषधांनी भरलेले केंद्र तिच्या घरातून दिसते. त्या केंद्रात आपल्याला जागा नाही असे तिला कळते, तेव्हा शेजारच्या निर्वासित बाईबद्दलचा तिचा राग वाढतो.

हे दोन्हीकडचे दुःख एकमेकांत कसे अडकते ते लग्नांच्या प्रश्नात दिसते. बांगलादेशी आणि रोहिंग्या यांच्या लग्नाची नोंद करायला २०१४ मध्ये सरकारने बंदी घातली, आणि तिला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये फेटाळले. पण त्यामुळे अशी लग्ने थांबली नाहीत, ती फक्त कागदाविना होऊ लागली. गावातला पुरुष छावणीतल्या मुलीशी निकाह लावतो, तो बहुधा दुसरा असतो. त्या मुलीकडे कागद नाही, म्हणून मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम, मागता येत नाही, पोटगी मागता येत नाही, सोडून दिले तर दाद कुठे मागायची हे कळत नाही. गावातली पहिली बायको, जिला घरखर्चाचे पैसे मिळेनासे झाले आहेत, ती या मुलीलाच दोष देते. केस वर्करकडे, म्हणजे एकेका बाईचे प्रकरण सांभाळणाऱ्या कार्यकर्तीकडे, एका महिन्यात या दोघीही येऊ शकतात, एकमेकींबद्दल कडवट बोलत, आणि दोघींना छळणारा माणूस एकच असू शकतो. दोघींना वेगवेगळ्या दिवशी बोलवावे, शक्य तर वेगवेगळ्या केस वर्कर द्याव्यात, एकीची गोष्ट दुसरीपर्यंत कणभरही जाऊ देऊ नये. पण औषध, वकील, वेळ आणि आदर यांत काडीचाही फरक करू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की केंद्राची एक शाखा गावाच्या बाजूला, शक्यतो आरोग्य संकुलातच, असावी. तिथल्या परिचारिकांनाही तेच प्रशिक्षण मिळावे, आणि प्रकल्प संपल्यावर मागे राहणारी कपाटे, किट आणि शिकलेली माणसे सरकारी दवाखान्याची व्हावीत. युनियन परिषदेच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, स्त्री-सदस्यांना पहिल्या महिन्यातच भेटावे. १९७१ मध्ये ज्या देशाच्या स्त्रियांवर युद्धात अत्याचार झाले आणि ज्या देशाने त्यांना ‘बीरांगना’ हे नाव दिले, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना हा विषय परका नाही. त्यांच्यापैकी कोणी छावणीतल्या बायकांसाठी मायेने बोलू लागली, तर बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा तिचे अधिक ऐकले जाते.

सरपण, संडास, दिवा

हिंसा घडल्यावर धावण्यापेक्षा ती घडण्याच्या जागा कमी करणे स्वस्त पडते. सुरुवातीला रोहिंग्या स्त्रिया आणि मुली सरपणासाठी जंगलात जात, तिथे छेडछाड आणि बलात्कार होत, शिवाय तेच जंगल गावातल्या बायकांचेही असल्याने भांडणे होत. २०१८ पासून छावणीतल्या आणि आसपासच्या कुटुंबांना गॅस सिलिंडर देणे सुरू झाले, आणि ही फेरी मोठ्या प्रमाणात थांबली. गावालाही गॅस दिला, हा त्यातला शहाणपणा.

संडासाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मापदंड वीस माणसांमागे एक, घरापासून ५० मीटरच्या आत, स्त्री-पुरुषांसाठी वेगळे, आतून कडी, असा आहे. दिवसा जायला नको म्हणून बायका पाणी कमी पितात, जेवण टाळतात, अंधार पडायची वाट पाहतात, आणि अंधारातच धोका असतो. दर महिन्याला संध्याकाळी बायकांबरोबर ब्लॉकभर फिरून कुठली कडी तुटली, कुठला सौर दिवा बंद आहे, कुठल्या वळणावर पोरे बसतात ते टिपावे, आणि आठवडाभरात काय दुरुस्त झाले ते त्याच बायकांना दाखवावे.

आपल्याच माणसांवर लक्ष

मदत वाटणारा माणूसही अत्याचार करू शकतो. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या छावण्यांत मदतकार्यातल्या लोकांनी अन्नाच्या बदल्यात मुलींचे शोषण केल्याचे उघड झाले, आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी अशा वागणुकीवर पूर्ण बंदी घालणारा आदेश काढला. तक्रारीची पेटी ठेवून भागत नाही, कारण जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी ती पेटी नसल्यासारखीच आहे. रेशनच्या रांगेत स्त्री-कर्मचारी असाव्यात, कुठलीही मदत मोफत आहे हे वारंवार तोंडी सांगावे, आणि तक्रार आली तर तिची चौकशी त्या माणसाच्या वरिष्ठाकडे न देता स्वतंत्र व्यक्तीकडे द्यावी.

नोंदींबाबत थोडक्यात: फायलीवर नाव नको, सांकेतिक क्रमांक असावा, नाव आणि क्रमांक यांची वही वेगळ्या कुलपात असावी. फोनवरच्या ग्रुपमध्ये कोणत्याही बाईची हकिगत, छायाचित्र किंवा ब्लॉक क्रमांक टाकू नये. देणगीदाराला संख्या द्यावी, गोष्टी देऊ नयेत. पूर आला, आग लागली किंवा केंद्र एकाएकी बंद करायची वेळ आली, तर ती वही कोण उचलील आणि कुठे नेईल हे आजच ठरवून, दोघी सहकाऱ्यांना सांगून ठेवावे.